मांडवाबाहेर गेलेलं फूल

माणसाने प्रकाशाला वश करण्याचे जे काही थोर प्रयत्न आजवर केले, त्यांतला एक जासई गावी झाला. तो डोक्याला लावायच्या खोबरेल तेलाच्या निळ्या बाटलीत मावत होता आणि हलवला की आतून खुळखुळ्यासारखा वाजत होता.

प्रयत्न करणारा हौसेराव घरत. ‘घरत लाइट अँड मंडप डेकोरेटर्स’ या पाटीवर त्याच्या नावाखाली ‘प्रोप्रायटर’ असं लिहिलेलं होतं, आणि बायकोमुलांइतकाच त्याचा त्या शब्दावर जीव होता. सरकारने नवी मुंबई वसवायला घेतली तेव्हा घरतांची भातशेती गेली, मिठागर गेलं. हाती जे आलं त्यातून थोरल्या भगवानने ट्रेलर घेतले आणि धाकट्या हौसेरावने ट्यूबलाइट घेतल्या. बंदरातून कंटेनर सुटायला लागले तसे भगवानचे ट्रेलर रस्त्यात मावेनात. ट्यूबलाइटची अशी भरभराट होत नसते. ती आहे तिथेच लटकते आणि दोन पावसाळ्यांनी कडेला काळी पडते.

तरी हौसेरावचं नाव होतं. उरणपासून पनवेलपर्यंतच्या गावांत म्हणत, हौसेरावच्या मांडवात सुई पडली तरी सापडते. कोणाची सुई पडली होती आणि हळदीला आलेला माणूस सुया घेऊन का फिरत होता, हे कोणी विचारलं नाही. दर खांबाला दोन ट्यूब, कमानीला माळा, आणि घरासमोरच्या आंब्याच्या झाडाला इतके बल्ब की त्या वर्षी झाडाला मोहोर धरत नसे. लाइटिंग म्हणजे लाइट, आणि चांगली लाइटिंग म्हणजे आणखी लाइट, एवढं त्याचं शास्त्र होतं. कुठे थोडा काळोख ठेवावा हा विचार त्याला कधी शिवला नाही. काळोखाची ऑर्डर कोण देतं?

त्या उन्हाळ्यात भगवानच्या मोठ्या मुलाचं, रूपेशचं लग्न ठरलं. हौसेराव मापाची टेप घेऊन भावाच्या अंगणात गेला. भगवान ओट्यावर बनियनवर बसून दात कोरत होता.

“दादा, मांडव पुढच्या भिंतीपास्न धरू ना?”

“धर. पन हौशा, या टायमाला ट्यूबा नको दाखवू. लेझर पायजे.”

“लेझर?”

“पावने गावात त्या कारखानदाराच्या पोरीच्या लग्नात बगितला. हवेत फुला काय काडतंय, नवऱ्याचा नाव काय लिवतंय. लोका जेवाचा सोडून वर बगतात. तो पनवेलवाला लाइटवाला मना बोलला, शेठ, मी आनून देतो.”

हौसेरावच्या हातातली टेप सटकन आत गेली. “आन मी काय मेलो काय?”

“नाय रं. म्हनून तर तुना आदी इचारतंय.” भगवानने काडी फेकली. “बग, आपल्याला माज नाय. आपल्याला फक्त शूटिंगच्या कॅसेटीत लेझर दिसला पायजे. मुलीकडची मानसा शिकलेली हायत. उद्या घरात बसून कॅसेट बगतील तवा कललं पायजे, कोनाकडं पोरगी दिली ती. दिसला, तर रूपेशच्या मागं अजून दोगं हायत, त्यांच्या हलदी पन तुज्या. नाय दिसला, तर पनवेलवाला. घरचा घरचा म्हनून किती दिस चालवून घेवाचा?”

हे शेवटचं वाक्य हौसेरावच्या जिव्हारी बसलं. या पट्ट्यात धंदा बोर्डावर चालत नाही, नात्यावर चालतो. सख्खा भाऊ ज्याच्याकडून लाइट घेत नाही, त्याच्याकडून चुलतभाऊ कशाला घेईल? आणि चुलतभाऊ घेत नाही म्हटल्यावर सगळं गाव, मग गावच्या सुना, मग सुनांची माहेरं. भगवानच्या अंगणातून पनवेलवाल्याचा टेम्पो आत शिरला की ‘प्रोप्रायटर’ हा शब्द तेवढा उरणार होता.

“लेझर ना? समज आला,” हौसेराव म्हणाला.

खरा लेझर मुंबईहून पेटीतून येतो, त्याच्याबरोबर दोन माणसं येतात आणि ती माणसं मांडववाल्याशी बोलत नाहीत, एवढी चौकशी त्याने केली. मग तो वाशीला गेला. स्टेशनबाहेर चादर पसरून एक जण घड्याळं, कंगवे आणि किल्लीला लावायचे लेझर विकत होता. बोटाएवढी पितळी नळी, बटण दाबलं की समोर लाल ठिपका. सोबत पाच टोपणं. एक लावलं की बदाम दिसे, दुसऱ्याने साप, तिसऱ्याने कवटी. ही टोपणं हौसेरावने विकणाऱ्यासमोरच चादरीवर परत टाकली.

“अपने को बच्चों का काम नहीं करना है,” तो म्हणाला. लेझर तो लेझर. वाघाचं पिल्लू लहान असलं म्हणून त्याला मांजर म्हणत नाहीत, असं मनाशी घोकत तो घरी आला.

आता या पिल्लाला फुलं काढायला शिकवायची होती. त्यासाठी जासई नाक्यावर हारुन होता.

हारुन टेपरेकॉर्डर आणि मिक्सर दुरुस्त करायचा. त्याच्या दुकानावर ‘इंजिनियर’ असं लिहिलेलं होतं. पोस्टाने शिकवणाऱ्या एका संस्थेने त्याला तसा कागद पाठवला होता, आणि तो त्याने काचेत मढवून सोल्डरिंगच्या धुराने पिवळा होईपर्यंत टांगला होता. त्याने दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूतून दोन-तीन स्क्रू उरत. कंपनीवाले खबरदारी म्हणून जास्तीचे स्क्रू लावतात, असं त्याचं मत होतं.

“हौसेभाय, हे काहीच नाय,” त्याने नळी कानाजवळ नेऊन हलवली. लेझर कानाने तपासणारा तो पहिलाच माणूस असावा. “टेपची मोटर घ्यायची. तिच्या तोंडावर आरसा चिकटवायचा, जरा तिरका. मोटर फिरली का ठिपक्याचा झाला गोल. एका गोलावर दुसऱ्या मोटरचा आरसा मारला का झाला फूल. सायन्स हाय.”

“आन नाव लिवाचा?”

“नाव इंग्लिशमध्ये हाय का मराठीत?”

“रूपेश. मराठीत.”

हारुनने डोळे मिटले. “फूल करू.”

आरसा हलका हवा होता. चांगुणाने, म्हणजे हौसेरावच्या बायकोने, आपल्या आरशाला हात लावू दिला नाही. “लगीन घरात हाय आन आरसा फोडतंय! तुमचा डोका फोडा आदी, त्याच्यात काय दिसतंय का बगा.” मग हौसेरावने मुलीचा, सोनलचा नवरात्रातला घागरा शोधून त्याच्यावरची दोन आभली, टिकलीएवढे आरसे, उसवली. सोनल बारावी सायन्सला होती. तिने विचारलं, “पप्पा, किती लांबून मारणार आहात? कारण अँगल तोच राहिला तर…” तिचं वाक्य अर्ध्यात राहिलं, कारण हौसेरावने तिला चहा टाकायला सांगितलं.

तीन दिवस दोघं जोडाजोडीत होते. तेलाची बाटली आडवी कापली. मोटर आत बसवल्या, सायकलच्या ट्यूबच्या रबराने आवळल्या. लेझरचं बटण सारखं दाबून ठेवावं लागे, म्हणून त्याच्यावर चिंचोका ठेवून त्याच्यावरही रबर ताणलं. मोटरचा वेग कमीजास्त करायला मोडक्या रेडिओचा कान बसवला. सगळं एका पाटावर ठोकलं. पाट देवघरातला होता, पण तो रिकामाच होता, असं हौसेरावचं म्हणणं.

मग चाचणी. दुकान नाक्यावर, वेळ दुपारची, बाहेर मेचं ऊन. लाल ठिपका कुठे उमटतोय हे दिसेना. हारुनने छपरावरची ताडपत्री ओढून काढली आणि दोघं पाट घेऊन तिच्याखाली शिरले.

हारुनची बायको शमसुन्निसा डबा घेऊन आली तेव्हा दुकानात कोणी नव्हतं. जमिनीवर ताडपत्रीचा एक ढीग होता, त्यातून चार पाय बाहेर आले होते आणि आतून “आलं! आलं! हलवू नको!” असे आवाज येत होते. ती जरा थांबली. मग तिने डब्याने ढिगाला ढोसलं.

“काय चाललंय?”

“संशोधन,” ढीग म्हणाला.

“जेवून करा संशोधन. आन ताडपत्री वर टाका पयली, माल तापतोय.”

दोघं घामाने निथळत बाहेर आले. हौसेरावच्या डोळ्यांत पाणी होतं. हातभर अंतरावर, ताडपत्रीच्या आतल्या बाजूला, पुरीएवढं लाल फूल त्याने फिरताना पाहिलं होतं. सहा पाकळ्या. थरथरत होतं, पण फूल होतं.

“हातभरावर पुरीएवडा,” तो म्हणाला. “मंग मांडवात केवडा होईल?”

“मोठा,” इंजिनियर म्हणाला.

दोघांनाही त्यात आनंदच वाटला.

हळदीच्या दिवशी हौसेरावने मांडवाला हात लावला तो दुपारपासून. भगवानच्या अंगणात त्याने आयुष्यातली सगळ्यात मोठी लाइटिंग केली. लेझर दाखवायचा म्हणजे बाकीचं कमी पडता कामा नये, असं त्याला वाटत होतं. दर खांबाला दोनऐवजी चार ट्यूब. छताच्या पांढऱ्या कापडाला झालर, झालरीला माळा. बँडवाल्यांच्या स्टेजला चारी कोपऱ्यांत हॅलोजन. दिवेलागणीला त्याने मेन स्विच वर केला, आणि भगवानच्या अंगणात दुसऱ्यांदा दुपार झाली. गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

“हौशा, या खेपेला सुई काय, सुईचा भोक पन दिसंल,” एक म्हातारा बोलला. हौसेरावने नम्रपणे मान खाली घातली. डोळे दिपत होते म्हणूनही असेल.

शूटिंगला रावसाहेब होता. नगरकडचा, कळंबोलीत खोली करून राहणारा. नावाला रावसाहेब आणि मालकीचा एक कॅमेरा. त्याच्या पोऱ्याच्या हातात कायम एक दणदणीत हॅलोजन असे, आणि रावसाहेब ज्याच्याकडे वळेल त्याच्या तोंडावर तो मारला जाई. जेवणारा माणूस घास हातात घेऊन डोळे मिचकावतो आहे, हे या पट्ट्यातल्या प्रत्येक कॅसेटमध्ये आहे.

नवऱ्याला पाटावर बसवलं. गोजरामावशी येऊन त्याच्या शेजारी टेकली. गोजरामावशी धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी उद्या येतो आणि मंत्र म्हणून जातो. त्याच्या आधी देव बोलवायचे, हळद चढवायची, नवऱ्याला नवरा करायचं ते धवले गाणाऱ्या धवलारणीने. तिने समोर समई लावली, तेल घातलं, पदर सावरला आणि सांगून टाकलं, “माजा धवला सरस्तवर हा दिवा हलवाचा नाय. पायात वायरी आनू नका कोनी.”

आणि तिने खणखणीत आवाजात देवांना बोलवायला सुरुवात केली.

हौसेरावने लेझरचा पाट स्टेजच्या कडेला, दोन खुर्च्यांवर मांडला. हारुनने सफारी घातला होता. भगवान पाहुण्यांना बाजूला सारत आला.

“चल. लाव लेझर.”

हौसेरावने रेडिओचा कान पिळला. बाटली घुरघुरू लागली.

भगवानने वर पाहिलं, खाली पाहिलं. “लाव ना.”

“लावलाय.”

“कुठं हाय?”

हौसेरावने छताकडे बोट दाखवलं. छताचं कापड पांढरंशुभ्र, शेकडो दिव्यांनी झगमगणारं, आणि त्यावर लाल म्हणावं असं काही नव्हतं. हारुनने डोळ्यांवर हात धरला. “आहे. मला दिसतोय,” तो म्हणाला. तो दुसरीकडेच बघत होता.

“मना नाय दिसत,” भगवान म्हणाला. “रावसायेब! तुमच्या कॅमेऱ्यात येतो काय बगा.”

रावसाहेबाने एक डोळा मिटून छत टिपलं. “काय बी नाय, शेठ. आवो, हितं इतका उजेड हाय का म्हपला हॅलोजन पेटलाय का इझलाय ते मलाच कळना. ह्यात तुमचा ठिपका कुठून घावायचा? लाइट घालवा पयली.”

“मग तुमचा हॅलोजन बंद करा,” हौसेराव म्हणाला.

“माझ्या एकट्याचा करून काय व्हतंय? तुमच्या ट्यूबा काय नुसत्या शोभेच्या हायेत?”

खरं तर त्या शोभेच्याच होत्या. पण हौसेराव उभा राहिला तो तसाच. वीस वर्षांच्या धंद्यात त्याने कार्यक्रम चालू असताना एक दिवा स्वतःहून मालवला नव्हता. गेला दिवा तर धावत जाऊन पेटवायचा, हा त्याचा धर्म. आता स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भावाच्या दारात, सगळ्या गावासमोर… आणि मागे भगवान म्हणत होता, तेही हळू नाही, “पनवेलवाल्याचा नंबर कोनाकडं हाय रं?”

हौसेराव मेन स्विचकडे गेला. एकेक ट्यूब बंद करायची सोय त्याने ठेवली नव्हती. अशी सोय कशाला लागेल? सगळं एका खटक्यावर होतं. त्याने खटका खाली ओढला.

ट्यूबा गेल्या. माळा गेल्या. स्टेजचे हॅलोजन गेले. रावसाहेबाचा हॅलोजन गेला, कारण त्याची वायर तिथेच होती. पंखे फिरत फिरत थांबले. बँडवाल्याचा कॅसिओ मधल्या सुरात मेला आणि गायकाचा आवाज माइकमधून निसटून एकदम घरगुती झाला.

“लाइट गेली!” सगळा मांडव एका आवाजात ओरडला.

“हौसेरावच्या मांडवात लाइट गेली!” मागच्या बाजूने कोणीतरी सुधारणा केली, आणि हशा पिकला.

“गेली नाय! घालवलीय!” हौसेराव ओरडला, आणि ते जास्तच वाईट ऐकू आलं. “वर बगा! वर!”

लोकांनी वर पाहिलं. हातभरावर पुरीएवढं असलेलं फूल इतक्या उंचीवर आणि इतक्या लांब पसरून एवढं झालं होतं की ते भगवानच्या मांडवात मावत नव्हतं. त्याची एक पाकळी शेजाऱ्याच्या भिंतीवर गेली होती. दुसरी आंब्यात. तिसरीला तर टेकायला काही सापडलं नव्हतं, ती आभाळात कुठेतरी चालली होती. मांडवातल्या माणसाला दिसत होतं ते इतकंच, की मधूनच एक फिकट लाल दोरा कापडावरून सर्रकन जातो आणि नाहीसा होतो. पाल गेल्यासारखा.

“काय व्हता तो?”

“उंदीर हाय वाटतं वर.”

“फूल हाय फूल!” हारुन म्हणाला. “जरा लांबून बघा! नाक्यावरून बघा!”

सोनल बापाच्या शेजारी येऊन उभी राहिली. “पप्पा, मी तेच म्हणत होते,” ती म्हणाली. हौसेरावने तिला पुन्हा चहाला पाठवलं असतं, पण अंधारात चूल कुठे आहे ते त्यालाही माहीत नव्हतं.

आणि मग ज्याचा विचार जासईच्या दोन्ही शास्त्रज्ञांनी केला नव्हता, ते झालं. वाशीचा तो चादरवाला काही एकच लेझर घेऊन बसला नव्हता. गावातल्या निम्म्या पोरांच्या खिशात किल्लीचा लेझर होता, टोपणांसकट. इतका वेळ उजेडात ती बिचारी काही करू शकत नव्हती. आता हौसेरावने त्यांच्यासाठी सगळी सोय करून दिली. आधी एक बदाम छतावर आला. मग त्याच्यावर साप धावून गेला. मग सगळीकडून सुरू झालं. कापडभर साप, कवट्या, बदाम, चांदण्या. भगवानच्या टकलावर कवटी आली आणि तो जाईल तिथे त्याच्याबरोबर गेली. नवऱ्याच्या करवल्यांच्या पाठीवर बदाम उमटायला लागले, तशा बायकांनी शिव्या सुरू केल्या. मांडव हसून हसून फुटत होता. कारखानदाराच्या लग्नातही एवढं कोणी वर पाहिलं नसेल.

भगवानने काळोखात हौसेरावचा दंड धरला. “हौशा, यातला आपला कुटला?”

उत्तर हारुनने दिलं. “जो दिसत नाय, तो.”

त्याच सुमाराला रबर सरकलं, चिंचोका उडाला आणि आपला जो होता तोही विझला. बाटली मात्र घुरघुरत राहिली.

हौसेराव चाचपडत गेला आणि खटका वर केला. ट्यूबा लुकलुकल्या, चुकचुकल्या, निम्म्या लागल्या. निम्म्या स्टार्टरवर अडून बसल्या. पोरांचे साप धुऊन गेले. सगळ्यांनी एकदम डोळे मिचकावले, आणि त्या उजेडात दिसलं की नवऱ्याला हळद लागलेली आहे. कपाळ, गाल, हात, गुडघे, सगळं रीतसर. हळद लावायला बसलेल्या पाचही सवाष्णींच्या हातांना हळद होती. समईच्या वातीपलीकडे गोजरामावशी धवल्याची शेवटची ओळ म्हणत होती. तिने ती पुरी केली, मग मान वर केली.

“काय रं हौशा, लाइट आयली?”

“आयली, मावशी.”

“बरा झाला. आमचा काय अडला नवता.” आणि तिने पानाचा डबा उघडला.

लग्न झालं, मांडव उतरवला, आणि त्यानंतर महिनाभर हौसेराव भावाच्या दारावरून गेला नाही. बाटली हारुनच्या दुकानात होती. गिऱ्हाइकांनी विचारलं की हारुन सांगायचा, “प्रयोग यशस्वी झाला, मांडव लहान पडला.” हौसेरावला मात्र एकच गोष्ट खात होती. अट कॅसेटची होती. मांडवातल्या लोकांनी काय पाहिलं, ते लोक विसरतील. त्यांना दर आठवड्याला नवी हळद असते. पण लाइट नव्हती तेवढा वेळ रावसाहेबाचा कॅमेरा चालू होता, आणि त्यात काळोख सोडून काही नव्हतं. तो काळोख आता मुलीकडच्या शिकलेल्या माणसांसमोर, भगवानच्या मोठ्या टीव्हीवर लागणार होता.

एका रविवारी सकाळी बोलावणं आलं. हॉलमध्ये व्याही, विहीणबाई, नवी सून, रूपेश, दहा-बारा घरचे. हौसेराव दाराजवळच्या खुर्चीवर टेकला, पळायला बरी म्हणून. हारुनला त्याने सोबत आणलं होतं. बुडताना दुसरं कोणीतरी बरोबर असावं एवढ्याचसाठी. रावसाहेबाने कॅसेट घातली.

गणपती आला, नावं आली, मांडव आला. पाहुणे आले, डोळे मिचकावत. नवरा पाटावर बसला. गोजरामावशीने समई लावली. हौसेरावने डोळे मिटले.

“आयला!” भगवान ओरडला.

हौसेरावने डोळे उघडले. टीव्हीवर काळोख नव्हता. रूपेशचा हसरा चेहरा मधोमध होता आणि त्याच्याभोवती एक लालभडक फूल गरगरत होतं. सहा पाकळ्या. फूल मोठं झालं, लहान झालं, मिटलं, त्याच्यातून हळदीची वाटी बाहेर आली. मग फूल उलट फिरलं आणि खाली झोकात ‘रूपेश’ अशी अक्षरं आली. मराठीत.

“लेझर!” भगवान व्याह्यांच्या मांडीवर थाप मारत म्हणाला. “आमच्या भावानं केलंय! सोता!”

व्याह्यांनी हौसेरावकडे आदराने पाहिलं. हौसेरावने नम्रपणे मान खाली घातली. हारुन त्याच्या कानाशी लागला, “बोललो होतो ना, कॅमेऱ्याला दिसतो. आपल्या डोळ्याला दिसत नाय, एवढंच.” आणि खरं सांगायचं तर, त्या क्षणी हौसेरावलाही तसंच वाटलं. एक-दोन मिनिटं तो जगातला सुखी प्रोप्रायटर होता.

मग फूल पुन्हा आलं. या वेळी त्याच्यात मटणाचं पातेलं होतं. मग गॅसचं सिलिंडर. मग बोटं चाटणारा एक मामा. मग आंब्याखाली उभा असलेला खुद्द हौसेराव, हातात पिळवटलेली वायर, आणि त्याच्याभोवती सहा पाकळ्या गरगर, गरगर.

“व्हिडिओच्या मिक्सरवर टाकलंय,” रावसाहेब सोफ्यामागून हळूच म्हणाला. “काळोख आलाय म्हणल्यावर काय तरी भरावंच लागतं. मशिनबरोबरच येतंय ते फूल. सगळ्या कॅसेटीत मारतो मी.”

हे भगवानने ऐकलं. व्याही टीव्हीकडे बघत होते आणि अजूनही मान डोलावत होते. भगवान उठला, हौसेरावजवळ आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“हौशा, तुजा लेझर चांगला हाय. वाद नाय. पन मना एक कललं. तो यांच्या मशिनीबिगर चालत नाय.”

धाकट्या दोघांच्या हळदींची ऑर्डर भगवानने रावसाहेबाला दिली. लाइटसकट.